गिरणीवरचे वकील

वकिलाच्या काळ्या कोटावर पीठ बसलेलं मी त्यांच्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं ऑफिस बेळगावच्या शहापुरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. लाकडी जिना चढून वर जायचं. टेबलावर, फायलींवर, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे बारीक पांढरा थर. कोट खुंटीला टांगलेला असायचा. कोर्टात जायच्या वेळी ते तो खिडकीबाहेर धरून दोनदा झटकायचे आणि तसाच अंगात घालून सायकलवर बसायचे. कोर्टाच्या आवारात त्यांना ओळखायला नाव लागत नसे. खांद्यावर पांढरं दिसलं की तेच.

खाली गिरणी चालू असली की ऐकू काही येत नसे, म्हणून ते ओरडून बोलायचे. लोकांच्या घरातल्या अगदी आतल्या गोष्टी, कुणाच्या मुलानं आईला कसं वागवलं, कुणाच्या सुनेच्या नावावर काय आहे, हे सगळं मोठ्या आवाजात. दळण घेऊन खाली उभ्या असलेल्या बायका वर बघायच्या. पण लाईट गेली, गिरणी थांबली, की ते खुर्ची पुढं ओढायचे आणि आवाज एकदम खाली आणायचे. "आता कामाचं बोलूया," म्हणायचे. बेळगावात लाईट जायला निमित्त लागत नाही, त्यामुळे कामाचं बोलणं रोज थोडं थोडं व्हायचं.

आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो ते दत्तूमुळे. दत्तू माझा धाकटा भाऊ. वयानं चाळिशीचा, समजेनं सहा-सात वर्षांचा. वडगावात आमचं घर, खालच्या खोलीत दोन यंत्रमाग. वडील गेल्यावर आईनं ते माणूस ठेवून चालू ठेवले होते. दत्तू मागाशेजारी बसून कांड्या भरायचा. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या गुंडाळ्या. ते काम त्याला नीट यायचं आणि मागाचा खडखडाट ऐकल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. मी निपाणीला दिलेली, तिथंच शाळेत शिक्षिका. थोरला भाऊ, आमचा दादा, पुण्याला.

आईला गुडघेदुखीनं धरलं, मग छातीत दुखायला लागलं, आणि एका रविवारी मी माहेरी आले असताना ती म्हणाली, "माझ्यामागं याचं काय, ते आता कागदावर झालं पायजे गं."

आम्ही वकील शोधायला लागलो. पहिल्यानं सांगितलं, मृत्युपत्र करा, घर याच्या नावावर लिहा. दुसऱ्यानं सांगितलं, थोरल्याच्या नावावर करा, तो बघेल. तिसऱ्यानं ट्रस्ट करता येतो म्हणून सांगितलं, पण त्याच्याकडे तयार मसुदा होता आणि त्यात फक्त नावं भरायची होती. आई बाहेर येऊन म्हणाली, "त्येनं एकदाबी दत्तूकडं बघितलं न्हाय." दत्तू आमच्या बरोबर होता, खुर्चीवर बसून त्याच्या टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होता. शेवटी कोर्टासमोरच्या चहावाल्यानंच विचारलं, कसलं काम आहे म्हणून. सांगितल्यावर तो हसला. "ट्रस्टचं काम व्हय? मग गिरणीवर जावा. माणूस जरा तऱ्हेवाईक हाय, पण जावा."

गेलो. गिरणी चालू होती. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मग आईला ओरडून विचारलं, "मावशी, समजा तुम्ही काल गेलासा! आज सकाळ झालीया! आता सांगा, घरात काय काय हुतंय?"

आई तडकली. "असलं अभद्र काय विचारतासा?"

"मग न्हाय सांगता येत?"

"न्हाय."

"तर घरला जावा. सांगता आलं की या."

त्यांनी आम्हाला चक्क जिना दाखवला. आई रागारागानं खाली उतरली. पुन्हा त्या माणसाचं तोंड बघायचं नाही, असं तिनं मला रिक्षात तीनदा सांगितलं.

पुढं कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कागद करायला आलेल्या माणसानं आपण नसल्याची सकाळ सांगायची. दार कोण उघडणार, दूध कोण घेणार, कुणाला कोण उठवणार. कित्येक जण चिडून निघून जायचे. एक बडे व्यापारी देवळाचा ट्रस्ट करायला आले होते, त्यांना म्हणाले, "देवाचं काम मी घेत न्हाय. देवाला सकाळी कोण ना कोण उठवतंयच." सांबऱ्याचे एक आप्पा आले होते, त्यांची एकच काळजी, म्हातारा बैल. पोरं विकून टाकतील. माडीवर बसलेले बाकीचे हसले. वकील मात्र हसले नाहीत. बैल काय खातो, कुठल्या पायानं लंगडतो, कुणाच्या हाकेला मान वर करतो, सगळं विचारलं. पुतण्याच्या हाकेला करतो म्हटल्यावर त्या पुतण्याला बोलावून घेतलं, त्याच्याशी खाली गिरणीच्या कट्ट्यावर बसून तासभर बोलले आणि आप्पांना सांगितलं, "कागद लागत न्हाय. घरला जावा." माणसं कागदाशिवाय परत पाठवली की ते फार खुशीत असत. असा वकील जगला कसा, हे मला कधी कळलं नाही.

आई महिन्याभरानं आपण होऊन म्हणाली, "चल, जाऊया त्येच्याकडं." मधल्या दिवसांत ती सकाळी दत्तूकडे नुसती बघत बसायची, असं मागावरचा माणूस मला म्हणाला होता.

त्या दिवशी नेमकी लाईट नव्हती. आईनं सांगायला सुरुवात केली. "सकाळी मी हाक मारली की एकदम उठत न्हाय. पायाला हात लावावा लागतोय. चहा बशीतच पितोय, कप दिला की ठेवून देतोय. शर्टाची वरची दोन बटणं त्येला लागत न्हाईत, खालची लागत्यात. अंघोळीला पाणी पहिलं पायावर घालावं लागतंय, डोक्यावर घातलं की भितोय. मग दारात बसतोय. माग चालू झाला की आत येतोय." ती सांगत राहिली. मी पोटची मुलगी, त्याच्याबरोबर वाढलेली, पण यातलं अर्धंसुद्धा मला ठाऊक नव्हतं. वकिलांनी पेन हातात घेतलं नव्हतं. आई थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं असावं, की हे सगळं तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्यांनी तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "आणि दुपारचं, मावशी? दुपारी तुम्ही पडता तवा तो कुठं असतोय?"

"हितंच की. गल्लीत."

"गल्लीत म्हंजे कुणाकडं?"

आईला सांगता येईना.

दोन दिवसांनी, मी अजून माहेरीच होते तेव्हा, ते सायकलवरून घरी आले. ऐन उन्हात अंगात कोट. दत्तूनं त्यांना बघितल्याबरोबर नाव ठेवलं, कोटअण्णा. ते सरळ मागाच्या खोलीत गेले, त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि कांडी भरायला घेतली. सूत गुंतलं. दत्तू हसून हसून आडवा झाला, मग त्यानं त्यांच्या हातावर चापट मारली आणि सूत सोडवून दाखवलं. असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी विचारलं, "दत्तू, आई झोपली की तू कुठं जातोस रं?"

दत्तू उठला. त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना घेऊन गल्ली ओलांडून समोरच्या दारात गेला.

ते दार गंगाकाकूचं होतं. आमच्या घरी हे नाव घ्यायची सोय नव्हती. मी शाळेत शिकत असताना, आम्ही सूत रंगवत होतो तेव्हा रंगाचं पाणी त्यांच्या अंगणात जायचं, त्यावरून आई आणि गंगाकाकूचं जे भांडण झालं ते पुढं मिटलंच नाही. एका गल्लीत, समोरासमोर राहून दोघी बोलत नव्हत्या. लग्नाकार्यात एक आली की दुसरी निघायची.

मी मागोमाग गेले. गंगाकाकू दारात गोंधळून उभ्या होत्या. दत्तू सरळ आत गेला, फळीवरची जेवायची एक पितळी खाली काढली आणि नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. ती पितळी त्याचीच होती, हे सांगावं लागलं नाही.

"रोज येतोय व्हय?" वकिलांनी विचारलं.

"येतोय की," गंगाकाकू खाली बघत म्हणाल्या. "लई वर्सं झाली. कवा भाकरी, कवा नुसता गूळ. त्येच्या आईला कळलं तर बंद करंल म्हणून बोललो न्हाय. तुम्हीबी बोलू नगासा."

पण आई आमच्या उंबऱ्यात येऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी घरात फार बोलाचाली झाली. वकिलांचं म्हणणं एवढंच होतं, की ट्रस्टी तिघं असावेत. मी, दादा आणि गंगाकाकू. "ती बाई?" आई ओरडली. "माझ्या घराची मालकीण? मी जित्ती असताना माझ्या अंगणात जिनं पाय ठेवला न्हाय ती?"

"मालकीण न्हवं. राखण करणारी."

"तिचं माझं पटत न्हाय, ठाऊक हाय न्हवं तुमाला?"

"ठाऊक हाय. तुमचं पटत न्हाय, दत्तूचं पटतंय," ते म्हणाले. "मावशी, ह्या कागदात तुम्ही न्हाईसा. दत्तू हाय."

 ते सायकल घेऊन निघाले तेव्हा आईनं त्यांना ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

दादा पुण्याहून आला तो वेगळंच ठरवून. घर विकायचं, दत्तूला आणि आईला पुण्याला न्यायचं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मी त्याला गिरणीवर नेलं. त्यालाही तोच प्रश्न. दादानं हुशारीनं उत्तर द्यायला सुरुवात केली. "सकाळी मी त्याला उठवीन. मग आम्ही दोघंही कामावर जातो, तर तेवढ्यापुरती एक बाई ठेवू."

"तिचं नाव काय?"

"अजून ठेवलेली नाही."

"बरं. मग तो दारात बसंल. दारासमोर काय हाय?"

 "लिफ्ट," दादा म्हणाला. वकिलांनी त्याला टोचलं नाही. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताचा पांढरा ठसा दादाच्या शर्टावर उमटला. "तुमची माया मला दिसतीया," ते म्हणाले. "तुम्हीबी ट्रस्टी व्हा. वरचेवर या. पण त्येचं दार तिथंच ऱ्हाऊ द्या." खाली उतरल्यावर दादा गिरणीच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसला. घर विकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

आईनं गंगाकाकूच्या नावाला हो म्हटलं ते आपलं आपण ठरवून. एका दुपारी ती झोपलीच नाही. दत्तू समोर गेल्यावर ती दारात पाट टाकून बसली आणि तो परत येईपर्यंत त्या घराकडे बघत राहिली. मग मला फोन केला. "त्या वकिलाला सांग, लिव्ह म्हणावं."

नोंदणीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात ही गर्दी. कागद कानडीत होता. बाहेरच्या बाकावर वकिलांनी दत्तूला शेजारी बसवलं आणि एकेक कलम त्याला मराठीत सांगायला लागले. "दत्तू, हे घर तू हाईस तवर कुणी विकायचं न्हाय. माग चालू ठेवायचा. तू कांड्या भरायच्या. आक्का येणार, दादा येणार, गंगाकाकू समोर हाय." दत्तू त्यांच्या कोटाची बटणं मोजत होता. येणारे-जाणारे हसत होते. आतला कारकून बाहेर येऊन म्हणाला, "अवरिगे तिळियोदिल्ल री." त्याला समजत नाही हो.

"तिळियदिद्रू केळली," वकील म्हणाले. न समजू दे, ऐकू तर दे. आणि पुढचं कलम वाचायला लागले.

आई आणि गंगाकाकू दुसऱ्या बाकावर दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये माझी पिशवी. आई समोर बघतच म्हणाली, "रंगाचं पानी आता येत न्हाय न्हवं अंगणात?"

"कवाच बंद झालंय," गंगाकाकू म्हणाल्या. "तुम्ही रंगवायचं सोडलं तवाच."

"व्हय."

एवढंच. पण आत नाव पुकारलं तेव्हा आईला गुडघ्यामुळे उठता येईना, तर तिनं हात पुढं केला तो माझ्याकडे नाही.

त्यानंतर आई दोन उन्हाळे होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते, काय कुठं आहे ते सुचत नव्हतं. गंगाकाकू चहा घेऊन आत आल्या, दत्तूच्या पायाला हात लावून त्याला उठवलं आणि बशी पुढं केली. तो प्याला. वकील आले. आमच्याशी बोलायचा प्रयत्नही न करता दत्तूच्या शेजारी उंबऱ्यावर बसले, ऊन अंगावर येईपर्यंत.

मग ते येतच राहिले. कामाचं निमित्त नसताना. मी निपाणीहून आले की गल्लीच्या तोंडाला त्यांची सायकल दिसायची आणि मला बरं वाटायचं. त्यांना कांडी शेवटपर्यंत आली नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरचं कुणी आहे का, हे मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "लोंढ्याला भाची हाय. रेल्वेत हाय जावई." आणि विषय बदलला.

गिरणी बंद पडली. मालकाच्या मुलांना तिथं मोबाईलचं दुकान काढायचं होतं. वकिलांनी फायली ज्याच्या त्याच्या घरी सायकलवरून नेऊन दिल्या. आमची फाईल द्यायला आले तेव्हा खोकत होते. "खाली आता कसलाच आवाज न्हाय," म्हणाले, "त्या शांततेत मला काय सुचत न्हाय बघा, बाई." आणि लोंढ्याला गेले.

मी दत्तूला घेऊन एकदा गेले होते. खानापूर सुटलं की झाडी दाट होते, दत्तू खिडकीला नाक लावून बसला. भाचीच्या घरापुढं ते बनियनवर खुर्ची टाकून बसलेले, फार वाळलेले. दत्तूनं त्यांना ओळखलंच नाही. "कोटअण्णा कुठं हाईत?" त्यानं त्यांनाच विचारलं. ते आत गेले आणि बनियनवर कोट चढवून आले. कोट स्वच्छ धुतलेला होता, काळाभोर. दत्तूनं बाही हाताळून बघितली आणि मग मानलं.

जेवणं झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "साहेब, सगळ्यांना विचारलंत. तुमची सकाळ कशी असते, ते कुणी विचारलं का?"

ते हसले.  "पहिली गाडी जात्या," म्हणाले. "मग भाची चहा देत्या. ती बरी हाय. पण बाई, हाक मारायला कुणी न्हाय. अहो-जाहो करत्यात समदी." मग दत्तूकडे बघून म्हणाले, "ह्येनं ठेवलेलं नाव तेवढं हाय."

पावसाळा संपता संपता भाचीचा फोन आला. आम्हाला कळायच्या आतच सगळं होऊन गेलं होतं.

आता गंगाकाकूंना डोळ्यांनी दिसत नाही. "मला सोडवा गं, दुसरं कुणीतरी बघा," असं त्या म्हणतात. ट्रस्टी बदलायचा म्हणून मी पुन्हा वकील शोधला. चांगला मिळाला, तरुण, टिळकवाडीत स्वच्छ ऑफिस. माझं बोलणं संपायच्या आत त्यानं लॅपटॉपवर मसुदा काढला, आधारकार्डं मागितली, काम आठवड्यात होईल म्हणाला. होईलच. माझी काहीच तक्रार नाही. मी मात्र उगीचच बसून राहिले, त्यानं आणखी काहीतरी विचारावं म्हणून. त्यानं नम्रपणे विचारलं, "और कुछ, मॅडम?" मी नाही म्हटलं आणि उठले.

गेल्या महिन्यात दत्तू म्हणाला, "आक्का, लोंढ्याला जाऊया." ते नाहीत, हे त्याला मी सांगितलं होतं, गंगाकाकूंनीही सांगितलं होतं. भाचीच्या नवऱ्याची बदली झाली, त्या घरात आता दुसरं कुणी राहतं. तरी मी तिकिटं काढली. लोंढ्याला उतरलो. फलाटावर चहा घेतला. बशी नव्हती, तर दत्तूनं कागदी कप माझ्याकडेच ठेवून दिला. गावात जायला तो निघालाच नाही. बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत राहिला. परतीची गाडी लागल्यावर आपणच उठला.

गाडी सुटली, जंगल सुरू झालं. खिडकीला नाक लावून तो म्हणाला, "भेटलं न्हाईत, न्हवं?"

"न्हाय रं."

"बाहेर गेलं असतील," तो म्हणाला. "कुणाच्या तरी घरला."